चंदना मगदूमची दोन पानं

घर घेताना जाहिरातीतलं वाक्य खरं आहे का, हे बघायला तुम्ही स्वतः कधी गेलाय? फोटो बघितले, अंगठ्यानं वर सरकवलं, आवडलं तर फोन लावला. सगळे एवढंच करतात. चंदना मगदूमला हे पक्कं ठाऊक होतं. तिचं पोट त्यावरच चालायचं.

कोल्हापुरात, राजारामपुरीत वरच्या मजल्यावर तिची एक खोली, दारावर पाटी 'वेबसाइट करून मिळेल'. बारावीनंतर कॉलेज नाही. झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता व्हिडिओ बघून शिकली. तरी डिग्रीवाल्यांपेक्षा तिची पानं लोक जास्त वाचायचे, कारण तिची परीक्षा निराळी. पान तयार झालं की ती खाली रिक्षा स्टॉपवर जायची आणि मोबाईल ज्ञानू रिक्षावाल्याच्या हातात द्यायची. बोलायची नाही. त्याचा अंगठा कुठं थांबतो तेवढं बघायची. जिथं थांबला नाही, ते वाक्य वर जाऊन कापून टाकायची.

२०२० साली तिच्याकडं विश्वजित नावाचा बिल्डर आला. नदीच्या अंगाला त्याची 'तीरसंपदा' नावाची इमारत उभी राहत होती. चंदनानं पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या साली महापुराचं पाणी इथं आलतं का?"

"रस्त्याच्या पलीकडंच थांबलंतं की. बिनधास्त लिवा तुम्ही."

जागा स्कूटरवरनं पंधरा मिनिटांवर. ती गेली नाही. खोलीत बसून तिनं ओळ लिहिली, 'नदी दिसते, पण दारात येत नाही.' ज्ञानूचा अंगठा त्या ओळीवर असा थांबला की चंदनाच हसली. "मलाबी घ्यावं वाटायलंय, ताई," तो म्हणाला.

त्या ओळीवर फ्लॅट खपले. तळमजल्यावरचा एक तिच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं घेतला. धाकटीनंच लिहिलंय म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचं?

जुलै २०२१ मध्ये आक्काच्या घरात छातीएवढं पाणी चढलं. मी पुराच्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठी त्या गल्लीतल्या लोकांबरोबर फिरत होतो, तेव्हा दोघी बहिणी घरातला चिखल ओढत होत्या. ओल्या भिंतीवरचा रंग सालीसारखा सुटत होता आणि त्याच्याखालून वाळल्या चिखलाची जुनी रेघ निघाली. २०१९ ची. तेव्हा इमारत अर्धी उभी होती. नंतर त्या रेघेवर रंग मारून आक्काला किल्ली दिली होती. चंदनानं फोटो काढला. रडली नाही. "ह्याला मी सोडत न्हाय," एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं नवं पान केलं. काळ्यावर लाल अक्षरं, विश्वजितच्या सात पिढ्यांचा उद्धार. ज्ञानूनं मोबाईल घेतला आणि लगेच परत दिला.

"वाचलंस?"

"कशाला? शिव्या मला स्टँडपास्नं हितवर फुकट मिळत्यात. पाणी कुठवर आलतं ते कुठं हाय ह्यात?"

चंदनाचं टाळकं फिरलं, पण मनात पटलं. वर जाऊन तिनं सगळ्या शिव्या पुसल्या. आता पानावर फक्त एक प्रश्न: 'तीरसंपदात घर घेताय?' त्याखाली फोटो. भिंत, रेघ, रेघेला लावलेली मोजपट्टी, तारीख. एक विशेषण नाही. गुगलवर इमारतीचं नाव टाकलं की विश्वजितच्या चकाचक वेबसाइटच्या वर हे पान दिसायला लागलं. ह्याला समाजसेवा म्हणू नका. सूड म्हणजे सूडच, आणि मला तो पसंत आहे.

गेल्या वर्षी विश्वजितनं शेजारी दुसरी इमारत काढली. गिऱ्हाईकं मोबाईल हातात धरून त्याला रेघा दाखवायला लागली. त्याचा फोन आला तेव्हा मी, पुरात झालेल्या ओळखीनं, चंदनाच्या खोलीतच होतो.

"चंदनाताई, ती नदीची ओळ कुणाची? तुमचीच की. सांगू का लोकास्नी?"

तिनं फोन ठेवला आणि पानाच्या डोक्यावर टाकलं: 'नदी दिसते, पण दारात येत नाही, हे मीच लिहिलं होतं. जागा न बघता लिहिलं. ते खोटं आहे. – चंदना मगदूम.' आता सांग म्हणावं लोकास्नी.

विश्वजितचा हा डाव फसला, पण दुसऱ्याच दिवशी आक्का आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"चंदे, ते पान काढ. आमचं घर इकायचं ठरलंतं. इचलकरंजीचं पावणं पान वाचून माघारी गेलं."

"पाणी येतंय म्हणून त्यास्नी सांगितलंतंस का?"

"मला कुणी सांगितलंतं?"

चंदनानं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "पान ऱ्हाणार, आक्का. तुम्ही सगळी माझ्याकडं ऱ्हायला या."

"तुझ्या हितं? एका खोलीत?" आक्का पाठ फिरवून जिना उतरली. तेव्हापासून ती बहिणीचा फोन उचलत नाही. चंदनानं पानावरचं एक अक्षर काढलेलं नाही.

आता विश्वजितनं आक्काच्या घरासकट सगळ्या भिंतींना पुन्हा रंग मारलाय आणि वकिलाची नोटीस धाडलीय: फोटो दुसऱ्याच इमारतीचे आहेत, पान पंधरा दिवसांत काढा. आक्का साक्ष देणार नाही, तिला घर विकायचंय. एका घरचे फोटो पुरणारही नाहीत.

म्हणून सांगतो, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात तुम्ही तीरसंपदाच्या गल्लीत असाल, तर मोबाईल उघडा. इमारतीचं फाटक आणि पाणी एका चौकटीत दिसतंय असा एखादा फोटो शोधा. तारखेसकट, तुमचं नाव घालून, ह्याच आठवड्यात चंदनाला पाठवा.