गव्हर्नरचा कोट

शारजात रोल्ला भागातल्या एका गल्लीत रत्नागिरीकडचा एक शिंपी बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोंडात टाचण्या धरून माप घ्यायची त्याला सवय आहे. बोलायचं झालं की आधी एकेक टाचणी काढून ठेवतो. तेवढ्यात समोरचा माणूसच सगळं सांगून मोकळा होतो.

आमच्या चिरंजीवांना शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत थोर पुरुष व्हायचं होतं, भाषणासकट. वाट्याला आला दोनशे वर्षांपूर्वीचा एक तरुण, अमेरिकेतल्या एका नव्या राज्याचा गव्हर्नर. कोटाच्या ट्रायलला मी शिंप्याला अभिमानानं सांगितलं, "चोविसाव्या वर्षी गव्हर्नर. निव्वळ कर्तृत्वावर."

त्यानं टाचण्या काढल्या. "बापूस काय करीत होता त्याचा?"

"तिथलाच मोठा सरकारी अधिकारी. तो दुसऱ्या कामगिरीवर गेला, तेव्हा त्याची खुर्ची एकोणीस वर्षांच्या मुलाला मिळाली. बाकी सगळं त्याचं त्यानंच केलं."

"असं," म्हणत शिंप्यानं कोटाच्या खांद्यांत आणखी बोटभर कापूस भरला. मग चिरंजीवांना विचारलं, "भाषण पाठ झालं काय रे?"

"नॉट येट. बाबा इज स्टिल रायटिंग इट," मोबाइलमधून मान वर न करता चिरंजीव म्हणाले.

शिंप्यानं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मग काळजी नाय, साहेब. अगदी त्याच्यासारखाच दिसेल."

आणि त्यानं टाचण्या परत तोंडात धरल्या.

चिरंजीवांना पहिलं बक्षीस मिळालं. ती ढाल मी माझ्या ऑफिसात ठेवली आहे.