खळीनं उचललेली चिठ्ठी

"बाई, तार यायच्या आधी तुम्हाला रक्कम कशी कळली?" देशमाने साहेबांनी हमीदाबींना तिसऱ्यांदा विचारलं.

"नवऱ्यानं पत्रात लिहिलीय ना साहेब. किती वेळा सांगू?"

"पत्र काय, कुणीही लिहील."

मी बँकेत शिपाईकाम करायचे, तेव्हा चहाचे कप गोळा करत होते. खरं सांगते, मलाही त्या बाईचा संशय येत होता. तीन दिवस ती बँक उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायची. एवढी घाई कशाला?

घाईचं कारण होतं. तिच्या मुलीच्या पायाचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि आज शनिवार. नवरा पिंपरीतला मोटार मेकॅनिक, कुवेतला गेलेला. त्यानं पाठवलेल्या पैशांची तार आमच्या चिंचवडच्या शाखेत तीन दिवसांपूर्वीच आली होती. पण टेस्ट जुळत नव्हती.

टेस्ट म्हणजे काय, ते मी ऐकून ऐकून शिकले. परदेशातले पैसे आधी आमच्या मुंबईच्या ऑफिसात यायचे. तिथून आम्हाला तार यायची, अमक्याला इतके द्या. पण तार कुणीही करू शकतो. म्हणून तारेत एक खुणेचा आकडा असायचा. बँकेच्या प्रत्येक ऑफिसला कोड नंबर होता. पाठवणाऱ्याचा कोड, तारीख आणि रक्कम यांचा ठरलेल्या गुप्त रीतीनं हिशेब केला की तो आकडा निघायचा. साहेब इथे तोच हिशेब करायचे. जुळला तर तार खरी.

साहेबांनी चारदा केला. चारदा चुकला. मुंबईचा ट्रंक कॉल लागत नव्हता.

"तार बनावट आहे," साहेब म्हणाले. "मी चौकीत कळवतो. तुम्ही इथून हलायचं नाही."

"कळवा! नवरा तिकडं उन्हात करपतोय आणि मी इथं चोर?" हमीदाबींचा आवाज फुटला. "पोलीस येतील तेव्हा त्यांनाच विचारते, सोमवारी पोरीला दवाखान्यात कोण नेणार."

साहेबांनी फोनकडे हात नेला. त्यांच्यासमोर कोडचं पुस्तक उघडं होतं. कप उचलताना माझी नजर त्यावर गेली आणि तिथंच अडकली.

एखाद्या ऑफिसचा नंबर बदलला की वरून छापील चिठ्ठ्या यायच्या. त्या जुन्या नंबरांवर चिकटवायचं काम माझं. गेल्या महिन्यात गम संपला होता. मागून मागून मिळेना, म्हणून मी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली होती. पुस्तकभर माझ्याच हातच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर छापलेलं. ही एक मात्र कोरी होती.

मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे तेवढे जुळवून चिकटवायचे. पण कोरी चिठ्ठी मी कशाला चिकटवीन?

मी टेंपररी होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं.

"साहेब, ही चिठ्ठी उलटी आहे."

"सुमनबाई, मध्ये बोलू नका."

"माझीच चूक आहे साहेब. खळ जास्त झाली."

ओलं फडकं दाबून मी चिठ्ठी सोडवली. सुलटी केली तर आत नंबर. पुस्तक ओलं असतानाच मिटलं होतं. समोरच्या पानानं चिठ्ठी उचलून घेतली होती आणि जागेवर जुनाच नंबर उघडा पडला होता. तो मुंबईच्या ऑफिसचा होता. नंबर बदलल्यावर तिथून आलेली ही पहिलीच तार.

साहेबांनी पाचव्यांदा हिशेब केला. या वेळी जुळला. त्यांनी व्हाउचर पुढे सरकवलं.

"इथं सही करा."

हमीदाबींनी सही केली. पैसे मोजून घेतले, मग पुन्हा मोजले. आता तिचा आमच्यावर विश्वास नव्हता. जाताना मला एवढंच म्हणाली, "ताई, तीन दिवस आधी बघायचं होतं."

मला मेमो मिळाला आणि पर्मनंट होणं सहा महिने लांबलं. साहेबांनी तिची माफी मागितली नाही. तेव्हापासून चिठ्ठी वाळेपर्यंत मी पुस्तक मिटत नाही.

गमची बाटली मात्र सोमवारी सकाळीच आली.