नामदेवनं घेतलेला घोट

२००६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. चौथीपलीकडे शाळा नाही, पण भूतखेत, अंगात येणं — असलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. आमच्याकडे भुताचीही बाधा होते अन् फवारणीचीही. मले दुसरीच ठाऊक.

माझा लहाना भाऊ नामदेव राळेगावकडे दुसऱ्याच्या पऱ्हाटीवर, म्हंजे कपाशीवर, विषारी औषधाची फवारणी करे. त्याले बाधा झाली. यवतमाळच्या एका दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पुढारी पाहाले येणार म्हणून वार्डात फिनेल ओतलं, नव्या चादरी टाकल्या. खालची गादी तशीच, ओकारीनं भिजलेली... थू!

नामदेवच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी सिस्टरले म्हटलं, "बाई, याले घोटभर पाणी पाजू दे."

"नाही काका, झोपले आहेत ते." पण बाई माझ्याकडे पाहेच ना.

"झोपला तं घोरत काहून नाही? याच्या घोरण्यानं बैलं बिचकत."

तिचे डोळे भरले. डॉक्टर मागून खेकसला, "सिस्टर, पुढारीसाहेब जाऊ द्या आधी!"

साहेब आले. फोटोवाले आले. नामदेवच्या छातीवर केळं ठेवून साहेब म्हणाले, "लवकर बरे व्हा." अन् पुढच्या खाटेकडे वळले.

तेव्हा बाईनं ते केळं उचलून फेकलं, मास्क काढला. "काका, हे सकाळीच गेले. डॉक्टर मला सांगू नका म्हणाले. माफ करा... पाणी घाला."

हात लावला तं थंडगार. दातखीळ बसलेली. ओठाच्या कोपऱ्यातून पाणी सोडलं, वाटलं बाहेर येईन. पण — गळ्याची घाटी वर झाली, खाली आली. घटक्! साऱ्या वार्डानं ऐकलं. बाजूची म्हातारी ओरडली, "अवं माय!" बाईनं नाडी पाह्यली, मान हलवली. जीव नव्हताच. थेंबही बाहेर नाही आला. साहेब तं चपला ओढत पळाले.

डॉक्टर म्हणे, पोटात गॅस असते. गॅस पाणी पेते काय? मले आजवर कोणी उलगडून नाही सांगतलं.

संध्याकाळी नामदेवले गावाकडे नेताना कळलं, बाईले कामावरून काढून राह्यले. तोंड उघडलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात सुतक असताना, पहिली एस्टी धरून दवाखान्यात गेलो. बाई दाराशी उभी होती. डॉक्टरनं दवाखान्याच्या मोठ्या साहेबापुढं मले विचारलं, "पेशंट गेला हे तुम्हाला सिस्टरनंच सांगितलं ना?"

"नाही," म्हटलं. "नामदेवनं सांगतलं."