भाईजींची कादंबरी काही संपत नाही

माझी एक गंभीर तक्रार आहे. जालन्यात माणसाची श्रीमंती जसजशी वाढते, तसतसा त्याच्या घरचा चहाचा कप लहान होत जातो... हे कोणीतरी शास्त्रात नोंदवून ठेवायला हवं.

भाईजींकडे नुसती सायकल होती, तेव्हा मी त्यांच्या घरी फुलपात्रभर चहा प्यायलो आहे. मग बियाण्यांचा प्लांट आला, एमआयडीसीत लोखंडाची मिल आली... आता जो कप समोर येतो त्यात फार तर आचमन होतं.

गेल्या वर्षी भाईजींची नजर अधू झाली. "गुरुजी, दर रविवारी येऊन पोथी वाचत जा," असा निरोप आला. मी संस्कृत शिकवून पोट भरणारा माणूस, मोठ्या उत्साहाने गेलो... आणि पहिल्याच अध्यायात भाईजी घोरू लागले.

पुढच्या रविवारी मी पिशवीतून एक कादंबरी नेली. पुण्याच्या एका गडगंज श्रीमंत कुटुंबाच्या उचापतींची, हलकीफुलकी. नाव सांगणार नाही. त्यातले दोन भाऊ बंगल्याच्या सावलीत कोणाची गाडी उभी राहणार यावरून वर्षभर भांडतात. भाईजी टक्क जागे! "मंग? मंग काय झालं?" माझ्या व्यासंगाचा एवढा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

आता भाईजींनाही दोन मुलं. कैलास मिल बघतो, राजू प्लांट. धंद्याची वाटणी झाल्यापासून दोघं एका घरात राहूनही एकमेकांशी बोलत नव्हते... इकडचा निरोप तिकडे ड्रायव्हर न्यायचा.

एका रविवारी कैलास दाराशी उभा राहून ऐकू लागला. पुढच्या रविवारी राजू येऊन खिडकीपाशी बसला. गाडीच्या सावलीचं भांडण रंगात आलं तेव्हा कैलास वडिलांना म्हणाला, "भाईजी, हा धाकटा बिलकुल आपल्या राजूसारखा."

राजूही वडिलांकडेच बघत म्हणाला, "भाईजी, अन् त्यातला मोठा कसा दाखवलाय, ते यांनी ऐकलं न्हाई वाटतं."

भाईजी इतके हसले की त्यांच्यासाठी पाणी मागवावं लागलं. मुलं नियमित येऊ लागली. मग एकदा राजू थेट म्हणाला, "भैया, इकडं सरक ना. पंख्याच्या आवाजात तिथं काय ऐकू येऊन राह्यलं तुला?" कैलास सरकला... मी वाचत राहिलो, पण ओळ चुकलो.

घोळ एवढाच, की कादंबरी संपत आली होती.

शेवटच्या प्रकरणाशी पोचलो त्या दिवशी मी त्यातली एक ओळही वाचली नाही. पुस्तक उघडं धरलं आणि तोंडाला येईल ते सांगत सुटलो. थोरल्या सुनेला निवडणुकीला उभं केलं, दोघा भावांना आमच्या जालन्याजवळच्या परतूरला एका लग्नात एकाच गादीवर झोपवलं... पुण्याचं ते कुटुंब परतूरला कसं पोचलं, हे कोणी विचारलं नाही.

असे बरेच रविवार गेले. पुस्तक भाईजींच्याच कपाटात असतं. खूण म्हणून राजूच्या लग्नपत्रिकेची लाल पट्टी घातलेली... ती शेवटच्या प्रकरणात जी अडकली होती, ती जागची हललेली नव्हती. हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं, असा माझा भाबडा समज.

परवा रविवारी पुस्तक उघडलं, तर लाल पट्टी पार मध्यावर. बरोबर त्या सावलीच्या भांडणापाशी!

मी गोंधळून इकडेतिकडे पाहतोय तोच भाईजींच्या पत्नी, आमच्या भाभीजी, चहा घेऊन आल्या. कप नव्हता... ते जुनं फुलपात्र होतं, काठोकाठ भरलेलं.

"अजून लय पानं राहिली ना, गुरुजी?"

"हो... बरीच आहेत."

"राहू द्या. आरामात वाचा, जल्दी काय हाय."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही मुलांच्या मध्ये खाऱ्या शेंगदाण्यांची एकच प्लेट ठेवली आणि आत निघून गेल्या. मी सावलीचं भांडण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिघांपैकी एकानेही हे आधी ऐकल्याचं म्हटलं नाही...

तर वरची तक्रार मी मागे घेतो. आणि कादंबरीचं नाव का दडवलं तेही तुम्हाला कळलं असेल. तुमच्यापैकी कोणी ती विकत घ्यायचा, आणि नेमका शेवट सांगायला भाईजींच्या घरी जायचा.

गोष्टी मी जोडत राहीन, तेवढी विद्या अंगात आहे. पण भाईजींचा "मंग?" हल्ली फार बारीक ऐकू येतो... गेल्या दोन-तीन वेळा तर मला वाकून ऐकावा लागला. ते नसतील त्या रविवारी हे दोघं भाऊ त्या खोलीत येतील का, याची मला खरंच भीती वाटते.