चोवीस इलेक्ट्रिशियन आणि एक बंद पंखा

पवनीला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर कौशल्य प्रशिक्षण केंद्र उघडलं, त्या वर्षी आसगावची दीपमाला बावीस वर्षांची होती. बारावी झालेली, हंगामात आईबरोबर धानाच्या रोवणीला जाणारी. घरचा मिक्सर तिनं दोनदा उघडून दुरुस्त केला होता. गावात ऑटो फिरला, भोंगा ओरडला, ‘तीन महिन्यांत इलेक्ट्रिशियन, नोकरीची हमी!’ तिनं त्याच दिवशी नाव दिलं.

पहिला आठवडा फार धावपळीचा गेला. टी-शर्ट वाटले, टोप्या वाटल्या, मशीनवर अंगठे घेतले, फोटो काढले. शिकवणं तेवढं राहून गेलं.

शिकवायला मनिष सर होते. इतिहासाचे पदवीधर. वीज त्यांनी आजवर बिलातच पाहिली असावी. फळ्यावर ते मोटर काढायचे. निळ्या खडूची वायर, लाल खडूचा करंट. टेस्टर, पक्कड, मीटर काचेच्या कपाटात कुलपात.

“सर, एकदा हातात द्या ना जी,” दीपमाला म्हणाली.

“तपासणी होऊन जाऊ दे. काही हरवलं तर माझ्या पगारातून कापतील. तोही अजून एकदाही झाला नाही.”

नवतपा लागला, मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, आणि वर्गातला पंखा बंद पडला. त्याच्याखाली चोवीस भावी इलेक्ट्रिशियन आणि त्यांचे गुरुजी वह्यांनी वारा घेत बसले. शेवटी केंद्राचे चालक भोजराजभाऊ यांनी बाजारातून परसराम मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री सहावी नापास. स्टुलावर चढला, कंडेन्सर बदलला, दहा मिनिटांत पंखा फिरायला लागला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मनिष सरांनीही.

दीपमालाला मात्र संताप आला. ती मिस्त्रीच्या मागोमाग जिना उतरली.

“काका, हे मले शिकवता का?”

“वर काय शिकून राहिली मंग तू?”

“टाळ्या वाजवाले!”

परसराम हसला. “दुकानात येत जा.”

परीक्षेला बाहेरून साहेब आले. टॅबवर वीस प्रश्न होते. साहेब चहा पीत होते आणि त्यांच्या पाठीमागे उभे राहून भोजराजभाऊ बोटं दाखवत होते. एक बोट म्हणजे अ, दोन म्हणजे ब. चोवीसच्या चोवीस पास झाले. मनिष सर परीक्षेला बसले असते, तर तेही झाले असते.

हमीची नोकरी पुण्याकडच्या एका कारखान्यात निघाली. काम काय, तर डब्यांवर स्टिकर चिकटवायचे, बारा तास, उभ्यानं. एका खोलीत नऊ पोरी. अकराव्या दिवशी दीपमालानं पिशवी भरली. लगेच भोजराजभाऊंचा फोन आला.

“तीन महिने काढ ना बाई. नाही तर सरकारले दाखवाचा आमचा आकडा कमी होते!”

“तुमच्या आकड्याले पाठवा इथं स्टिकर लावाले,” ती म्हणाली आणि गाडीत बसली.

गावात मात्र तिची मान खाली गेली. पाणी भरायला निघाली की बाया म्हणायच्या, “आली वापस इलेक्ट्रिशीन बाई!” आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी परसरामच्या दुकानात जाऊन बसली. सहा महिने त्यानं तिला जळक्या मोटरींमधली काळी तार उपसायला लावली. बोटं सोलली. मग कुठे नवी तार गुंडाळून मोटर भरायला मिळाली. तेवढ्यात केंद्रानं पवनीतला फलक उतरवला आणि नवं नाव घेऊन दुसऱ्या तालुक्यात चोवीस नवे अंगठे गोळा केले.

उन्हाळी धानाच्या वेळी गोपीचंद नावाच्या शेतकऱ्याची मोटर जळली. ती दीपमालानं भरली हे कळताच तो बिथरला.

“पोरीनं भरलेली मोटर? मले नाही चालत.”

“मंग तुही मोटर तूच भर,” परसराम वर न पाहता म्हणाला.

धान सुकत होतं. गोपीचंदनं मोटर उचलून गाडीवर ठेवली. दीपमाला स्वतः त्याच्या विहिरीवर गेली, मोटर बसवली, कळ दाबली. पाईप खोकला, गढूळ पाणी ओकला, आणि भरून धार पडली. गोपीचंदनं धारेखाली पाय धुतले, तोंड धुतलं. आभार वगैरे काही मानले नाहीत.

“चालते,” एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो भावाची मोटर घेऊन दुकानात आला. परसरामकडे त्यानं पाहिलंही नाही, मोटर सरळ दीपमालापुढे ठेवली आणि विचारलं, “परवापर्यंत होईल का बाई?”