अंबरपेठेतल्या ताठ बाई

समस्त मंडळींनी हातातली कामं थांबवून ऐकावं अशी गंभीर घोषणा करतो: आमच्या अंबरपेठेत देवीपुढेही न वाकणारी एक बाई राहते!

नाव मला ठाऊक नाही. सकाळी मी दूध आणायला निघतो, तेव्हा त्या कोवळ्या उन्हात भिंतीला धरून टाचा वरखाली करत असतात. हाडं ठिसूळ झालेली. मागे साधी बादली उचलताना मणका मोडला. पुन्हा मोडला तर खाटच धरावी लागेल. म्हणून औषध, ऊन, व्यायाम चालू आणि कमरेतून वाकणं कायमचं बंद.

बोनालूच्या, म्हणजे इथल्या देवीच्या जत्रेच्या, रविवारी डोक्यावर नैवेद्याचं मडकं घेतलेली बाई ढोलाच्या तालावर गल्लीत आली. तिला देवीच मानून तिच्या पायांवर पाणी घालायची इथली रीत. सगळ्याजणी वाकून घालत होत्या. आमच्या बाईंनी मात्र उभ्यानंच तांब्या उपडा केला. निम्मं पाणी माझ्या पायजम्यावर!

शेजारीण कुजबुजली, "अम्मा, आज तो जरा झुको ना! देवी नाराज हो जाती."

बाई अशा कडाडल्या की ढोलवाल्याचा हात थांबला.

"मी वाकलेलीच हवी असेन, तर आधी नवा मणका पाठव म्हणावं तिला!"