बेलभंडारा आणि न झालेली सही

सुमनताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या लासुर्ण्याच्या घरी, चुलीवर चहा उतू जात असताना. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात मोठमोठ्या वकिलांनी लिहिले आहे. मी मॅट्रिक झालेली, घरखर्चाचा हिशेब ठेवणारी बाई. चूकभूल सांभाळून घ्यावी.

आमचे हे एका खासगी शीतगृहात मशीनवर आहेत. अमोनिया गळतोय, झडप बदला, असे सांगून थकल्यावर यांनी कारखाना निरीक्षकांकडे तक्रार केली. लगेच यांना मशीनवरून काढून गेटवर उन्हात उभे केले. मग एक दिवस आमच्या भावकीतले सुपरवायझर आण्णा टाइप केलेला राजीनामा घेऊन घरी आले.

"सही कर. सायबाचा राग उतरला की तुला परत घ्यायला लावतो," म्हणत त्यांनी आमच्या देव्हाऱ्यासमोर बेलभंडारा उचलला. खंडोबा आमचे कुलदैवत. त्या शपथेवर संशय घेणे आमच्या घरात पाप. यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली आणि पेन आणायला उठले.

तेवढ्यात यांच्या सोबतच्या कामगाराने बारामतीहून आणलेल्या वकील सुमनताई दारात आल्या. त्यांनी चप्पल काढली, आधी देवाला हात जोडले, मग कागद वाचला.

"आण्णा, भंडारा उचललात, बरं केलंत. आता हेच कंपनीच्या शिक्क्यानं लिहून आणा."

"वकीलबाई, देवापरीस शिक्का मोठा हाय व्हय?"

"देवाला मी कुठल्या तोंडानं कोर्टात साक्षीला बोलावू? आणि हितं 'स्वखुशीने' लिहिलंय."

मग ताई यांच्याकडे वळल्या. "तक्रारीचा सूड म्हणून काढलं, तर कायदा त्याला अनुचित प्रथा म्हणतो. त्यावर मला भांडता येतं. आपल्या सहीनं बाहेर पडलात, तर माझे हात बांधले. काढायचं तर त्यांना काढू द्या."

"आणि काढलं तर खायचं काय?" मी विचारले.

"अवघड जाईल," एवढेच त्या म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी आम्हाला कधीच दिला नाही.

"भावकी तुटंल, सांगून ठिवतो," म्हणत आण्णा चहा न घेताच उठले.

कामावरून काढण्याची नोटीस आलीच. कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आम्ही पुकाऱ्याची वाट पाहत बसायचो. माझा सोमवारचा उपवास ताई आठवणीने लक्षात ठेवत. पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून देत. फीचा विषय काढला की म्हणत, "आधी तो लाडू संपवा." कोर्टाकडून नोटिशीला तूर्त मनाई मिळाली, हे पुन्हा मशीनवर गेले, झडपही बदलली गेली. आण्णांच्या घरच्या लग्नाचे बोलावणे मात्र आम्हाला आले नाही.

अंतिम निकाल अजून लागायचा आहे. हे डबा घेऊन बाहेर पडले की मी रोज भंडारा वाहून मागते: खंडोबाराया, ताईंचे गुडघे धड ठेव, आवाज असाच खणखणीत ठेव, त्यांना शंभरी पाहू दे. यात माझा स्वार्थ आहे, हे देवालाही ठाऊक आहे. पुढच्या तारखेला आमच्यासाठी त्यांनाच उभे राहायचे आहे.